यादीसाहेबांची सतरावी लेव्हल

यादीसाहेबांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत कुणावर साधा आवाज चढवला नव्हता, बंदूक रोखणं तर दूरच. त्यामुळे एका सोमवारी संध्याकाळी बरोबर सात वाजता, चष्मा पुसून, हाताशी पाण्याचा पेला आणि एक कोरी वही घेऊन ते कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या गेमसमोर बसले, तेव्हा बाईसाहेबांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, स्वयंपाकघरातून डोकावून एवढंच विचारलं की बरं वाटतंय ना. बरं वाटत होतं. त्यांना मुलीशी बोलायचं होतं.

मग सरळ फोन का केला नाही, असं कुणीही विचारेल. फोन रोजच होत होता, तीच तर पंचाईत होती. मुलगी दुसऱ्या शहरात बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. पाच महिन्यांपूर्वी तिला विभागप्रमुखाचं पद देऊ केलं आणि तिने ते नको म्हणून कळवून टाकलं. आता यादीसाहेब कोण? तर पाणीपुरवठा कार्यालयाच्या आस्थापना शाखेत बसून सगळ्या कर्मचाऱ्यांची ज्येष्ठता यादी करणारे. कोण कुणाच्या वर, कुणाची बढती कधी, कुणाची का अडली, हे तिथे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसे, म्हणून ते यादीसाहेब. एरवी ते कुणाचेच साहेब नव्हते. बढतीसाठी भांडणारे, रडणारे, ऐन वेळी आजारी पडणारे असे सगळे नमुने त्यांनी पाहिले होते. बढती परत करणारं माणूस मात्र पहिल्यांदाच निघालं, आणि तेही त्यांच्याच घरात. त्या दिवशी फोनवर ते नको नको ते बोलले. मुलीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, मी कितव्या नंबरवर आहे एवढंच तुम्हाला कळतं. मी दिवसभर काय करते, ते तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

तेव्हापासून रोजच्या फोनला एक ठरावीक नमुना आला होता. जेवलीस का, हो, बरं, आईला देतो. पाच महिन्यांत या मजकुरात काडीचाही फरक पडला नव्हता. आईशी ती अर्धा अर्धा तास बोले. यादीसाहेब तेवढा वेळ शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र उलटं धरून बसत.

मुलगी रोज संध्याकाळी सात ते साडेआठ मैत्रिणींबरोबर एक गेम खेळते, खेळताना त्या सगळ्या एकमेकींशी अखंड बडबडतात आणि खिदळतात, ही बातमी बाईसाहेबांकडूनच आली. यादीसाहेबांच्या मनात तिथेच ठिणगी पडली. त्या बडबडीत आपल्याला शिरता आलं तर? बाप म्हणून नाही, नुसता एक खेळाडू म्हणून. दुसऱ्या दिवशी ते वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, कारण त्या दोन पेशंटच्या मधे हाच गेम खेळतात असं इमारतीत सर्वश्रुत होतं. बाईंनी त्यांना दाताच्या खुर्चीत बसवलं, यादीसाहेबांनी सवयीने आ वासला, आणि बाई म्हणाल्या की तोंड मिटा, हे नुसतं ऐकायचं आहे.

ऐकलं ते असं. खेळात शिरणारा प्रत्येक जण पहिल्या लेव्हलला असतो. शत्रू टिपला, चौकी राखली, काहीही उपयोगाचं केलं की पॉइंट मिळतात. पॉइंटांनी पडद्याखालची एक पट्टी भरत जाते. पट्टी भरली की माणूस एक लेव्हल वर चढतो, त्याला नवी बंदूक नाहीतर नवं कौशल्य मिळतं, आणि पट्टी पुन्हा रिकामी होते. सगळ्यात वरची लेव्हल पन्नास. एका पथकातून खेळायचं तर पथकातल्या कुठल्याही दोघांत दहापेक्षा जास्त लेव्हलचा फरक चालत नाही. मुलीचं खेळातलं नाव खारूताई आणि तिची लेव्हल पन्नास, ही माहिती बाईसाहेबांनी आधीच काढून दिली होती. म्हणजे यादीसाहेबांना चाळिसावर जायला हवं होतं.

हे ऐकून दुसरा एखादा गार पडला असता. यादीसाहेबांना उलट घरी आल्यासारखं वाटलं. श्रेणी, पात्रता, किमान सेवा, वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातलं अंतर, यातला कुठला शब्द त्यांना परका होता? खेळात नाव घ्यावं लागतं तेव्हा लोक वाघ, वादळ, काळ वगैरे घेतात. यादीसाहेबांनी 'कनिष्ठ' असं घेतलं, कारण नव्याने रुजू होणाऱ्याने आणखी काय घ्यायचं असतं?

पहिल्या आठवड्यात ते रोज सातच्या ठोक्याला हजर झाले आणि साडेआठला उठले. मधला वेळ ते एका पडक्या गोदामाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शत्रूच्या वाटेला जायचं नाही, कुणाचा रोष ओढवायचा नाही, हजेरी मात्र चुकवायची नाही. त्यांच्या कार्यालयात या मार्गाने माणसं उपअधीक्षक झालेली होती. वहीत त्यांनी तारीखवार सेवेची नोंद ठेवली. आठव्या दिवशी खेळाने त्यांना निष्क्रियतेच्या कारणाखाली बाहेर काढलं आणि दोन दिवस येऊ नका असं बजावलं. एकतीस वर्षांत ज्या माणसाला साधी ताकीद मिळाली नव्हती, त्याचं निलंबन झालं. ते दोन दिवस यादीसाहेब कार्यालयातही कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की इथे नुसत्या हजेरीला काही मिळत नाही, काहीतरी करावं लागतं. यादीसाहेबांना ही पद्धत फार कडक वाटली, पण ते कामाला लागले. आता अडचण अशी होती की ते धावायला गेले की बसत, बसायला गेले की उडी मारत आणि बंदूक झाडायला गेले की नकाशा उघडे. तिसऱ्या लेव्हलला त्यांना पहिली शिकार मिळाली ती अशी, की हातबॉम्ब फेकायचं बटण चुकून दाबलं गेलं, बॉम्ब उतारावरून गडगडत खाली गेला आणि एका अनोळखी सैनिकापाशी फुटला. यादीसाहेबांनी लगेच त्याला लेखी संदेश पाठवला : घडल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, हेतुपुरस्सर नव्हते. उत्तरादाखल त्या सैनिकाने पुढच्या दहा मिनिटांत त्यांना सहा वेळा टिपलं.

कौशल्यांची वाटणी हे निराळंच प्रकरण झालं. दर लेव्हलला एक गुण मिळतो आणि तो धावणं, नेम, चिलखत, औषधोपचार अशा आठ खात्यांपैकी एकात घालायचा असतो. शहाणी माणसं दोन खाती निवडतात आणि त्यातच सगळं ओततात. यादीसाहेबांनी आयुष्यभर कुठल्याही शाखेला झुकतं माप दिलं नव्हतं. त्यांनी पाळीपाळीने प्रत्येक खात्याला एकेक गुण दिला. नवव्या लेव्हलला त्यांचा सैनिक कशातच वाईट नव्हता आणि कशातच बरा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या की इतका निष्पक्ष सैनिक आपण आजवर पाहिला नाही.

त्या वेळेपर्यंत इमारतीत बातमी फुटली होती. खालच्या मजल्यावर गणिताचे एक निवृत्त मास्तर राहत. त्यांनी आयुष्यात एकही गेम खेळला नव्हता, त्यामुळे त्यांना सल्ला द्यायला काहीच अडचण नव्हती. ते रोज जिन्यात गाठून विचारत की कितवी, आणि आकडा ऐकून असं तोंड करत की यादीसाहेबांना आपण पुन्हा एकदा बीजगणितात नापास झालो असं वाटे. मास्तरांचं म्हणणं असं की तुम्ही उंच जागी चढून बसत नाही, हीच मूळ चूक. यादीसाहेब त्याच संध्याकाळी एका पाण्याच्या टाकीवर चढले. तिथून उतरायचं कसं हे मास्तरांनी सांगितलेलं नव्हतं. लढाई संपेपर्यंत ते टाकीवर होते, आणि पाणीपुरवठ्याचा माणूस म्हणून टाकीचं झाकण नीट बसलेलं नाही हे त्यांच्या ध्यानात आलं, एवढाच त्या दिवशीचा लाभ.

याच सुमारास त्यांनी मुलीला मैत्रीची विनंती पाठवायचं धाडस केलं. ओळख द्यायची नाही हे पक्कं होतं. बाबा आहेत असं कळलं आणि तिने 'जेवलात का' असं विचारून विषय मिटवला तर? म्हणून अगदी परक्या माणसाने लिहावं तसं लिहिलं. विषय : मैत्री स्वीकारणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदार हा या खेळात नवीन असून आपले मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहील. मिनिटभरात विनंती मंजूर झाली. यादीसाहेबांना आनंद झाला आणि लगेच काळजीही वाटली, की ही पोरगी कुणाही अनोळखी माणसाला अशी पटकन हो म्हणते की काय. पण हे तिला सांगायचं कुणी?

आता मित्रांच्या यादीत रोज सात वाजता 'खारूताई, लेव्हल ५०' असं हिरवं अक्षर पेटे. साडेआठला विझे. यादीसाहेबांना तेवढं बघूनही बरं वाटे.

दहाव्या लेव्हलनंतर त्यांना सूर सापडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तुम्हाला मारणं जमत नाही तर मारू नका, औषधाची पिशवी घ्या. जखमी होऊन पडलेल्या आपल्या माणसाला उचललं तरी पॉइंट मिळतात. यादीसाहेबांनी पिशवी घेतली आणि त्यांचं रूपच पालटलं. कोण कुठे पडला, कोण आधी पडला, कुणाचा क्रम आधी, हे त्यांच्या डोक्यात आपोआप बसे. गोळ्यांच्या वर्षावात ते वाकून जात, पडलेल्यापाशी बसत, पाच सेकंद बटण दाबून धरत आणि माणूस उभा राही. अनोळखी पोरं त्यांना काका म्हणू लागली. एका लढाईत त्यांनी एकट्याने एकवीस जणांना उचललं. त्या दिवशी कार्यालयातून आल्यावर त्यांनी बूटसुद्धा काढले नव्हते, असं बाईसाहेबांनी नंतर सगळ्यांना सांगितलं.

पण सतराव्या लेव्हलला गाडी अडली. कामाला लागल्यावर पहिलीतून दुसरीत ते दहा मिनिटांत गेले होते. सतरावीतून निघायला आठवडा झाला तरी पट्टी निम्मीही भरेना. प्रत्येक लेव्हलला आधीपेक्षा जास्त पॉइंट लागतात, हा नियम त्यांनी वाचला होता, पण सोसला आता. मास्तरांना त्यांनी वही दाखवली. मास्तरांनी जिन्यातच बसून हिशेब मांडला आणि सांगितलं की याच वेगाने गेलात तर चाळीसला पोहोचायला पाच वर्षं दोन महिने. यादीसाहेब तीन वर्षांत निवृत्त होणार होते. जिना त्या दिवशी त्यांना फार उंच वाटला.

घरी येऊन त्यांनी एकतीस वर्षांत जे इतरांसाठी केलं होतं ते पहिल्यांदा स्वतःसाठी केलं. खेळाच्या कंपनीला अभिवेदन लिहिलं. अर्जदाराची सेवा अडीच महिने, एक निलंबन वगळता निष्कलंक. जखमी उचलल्याची संख्या चारशे नऊ. सबब विशेष बाब म्हणून चाळिसाव्या श्रेणीत बसवण्यात यावे, अथवा दहाच्या अंतराची अट एका पथकापुरती शिथिल करण्यात यावी. 'कारण' या रकान्यात त्यांनी बराच वेळ काही लिहिलं नाही. मग लिहिलं, कौटुंबिक. उत्तर एका मिनिटात आलं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करून पाहा, असं त्यात म्हटलं होतं. त्यांनी तेही करून पाहिलं.

त्यानंतरच्या गुरुवारी पट्टी भरायला केसभर उरलेली असताना सात वाजले, हिरवं अक्षर पेटलं आणि यादीसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. 'खारूताई, लेव्हल १.'

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पन्नासावरून एकवर. अशी पदावनती त्यांच्या कार्यालयात अफरातफर करणाऱ्यालाही झाली नव्हती. आपल्या पोरीवर अन्याय झाला, एवढंच त्यांना कळलं. मघापर्यंतची सगळी गुप्तता ते विसरले, कंपनीला कडक शब्दांत तक्रार धाडली आणि मुलीला फोन लावला. जेवलीस का हेही विचारायचं राहिलं. "हे बघ, तुझी पदावनती झाली आहे. घाबरायचं नाही. विनाचौकशी असं करता येत नाही. मी लेखी कळवलंय त्यांना."

पलीकडून ती म्हणाली, "बाबा, मला कुणी खाली आणलं नाही. पन्नासला पोचलं की हवं तर पुन्हा पहिलीपासून सुरुवात करता येते. मीच केली."

"पण का?"

"तुम्ही चाळीसला कधी पोचणार होता?"

यादीसाहेब खोटं कधीच बोलत नसत. "मास्तरांच्या हिशेबाने पाच वर्षं दोन महिने."

तिला सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मैत्रीच्या विनंतीला विषय घालणारा माणूस उभ्या जगात एकच आहे, असं ती म्हणाली. ती बाबांची लेव्हल रोज बघत होती. नववी, दहावी, बारावी. सतरावर लेव्हल दोन आठवडे हलली नाही, तेव्हा तिने आपल्या सगळ्या बंदुका जमा केल्या आणि खाली आली. यादीसाहेबांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि त्यांचा चेहरा पडला. सतरातून एक गेला की सोळा. अंतर अजूनही दहाच्या वरच होतं.

ते तिला माहीत होतं. सातवर यायला तिला चार संध्याकाळी लागणार होत्या. तोवर बाबांनी एकही पॉइंट मिळवायचा नाही, अशी तिने सक्त ताकीद दिली. म्हणून पुढच्या चार संध्याकाळी यादीसाहेब बंद कॉम्प्युटरसमोर बसले आणि फोन टेबलावर स्पीकरवर ठेवला. तिकडे ती खेळत होती आणि खेळता खेळता बोलत होती. सुरुवातीला ते भीत भीत खेळातलंच विचारत. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं की तू दिवसभर काय करतेस.

तिने सांगितलं. ओल्या कागदावर शंभर बिया मोजून मांडायच्या. सातव्या दिवशी कुठल्या उगवल्या, कुठल्या कुजल्या, कुठलीचं मूळ वाकडं आलं, ते एकेक उचलून बघायचं. कुठली रुजणार, हे आता तिला चौथ्या दिवशीच कळतं. ती पाऊण तास मुळांबद्दल बोलली. यादीसाहेब अधूनमधून एखादाच प्रश्न विचारत. बाईसाहेबांनी दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा तो गार झाला. विभागप्रमुखाला बिया बघायला मिळत नाहीत, तिने शेवटी सांगितलं. तो दिवसभर लोकांच्या रजेचे अर्ज बघतो. हे यादीसाहेबांना जरा लागलं, कारण रजेचे अर्ज ते स्वतः एकतीस वर्षं बघत आले होते. ते अर्ज बघायला आपल्याला आवडतं का, याचा त्यांनी त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर पहिल्यांदा विचार केला, आणि उत्तर यायच्या आत त्यांना झोप लागली.

पाचव्या संध्याकाळी दोघं एका पथकात उतरली. यादीसाहेबांनी तिला पहिल्यांदाच पाहिलं, म्हणजे तिच्या सैनिकाला, आणि ती फारच धाडसाने पुढे जाते असं त्यांना वाटलं. ते पिशवी घेऊन मागे मागे राहिले. पट्टी केसभर रिकामी होती, म्हणून समोर माणसं पडत होती तरी ते मन घट्ट करून उभे राहिले. लढाई संपायला थोडा वेळ उरला असताना मोकळ्या चौकात ती पडली.

"राहू द्या बाबा," ती हेडफोनमधून म्हणाली. "मी पंधरा सेकंदांत परत येते. तुम्ही उचललंत तर पट्टी भरेल."

यादीसाहेब तोवर तिच्यापाशी पोहोचलेही होते. त्यांनी बटण दाबून धरलं. पाच सेकंद दोन्ही बाजूंनी गोळ्या चालल्या आणि ती उठून उभी राहिली. लढाई संपली, तुतारी वाजली आणि पडद्यावर सोनेरी चौकट आली. अभिनंदन, आपली अठराव्या लेव्हलवर बढती झाली आहे. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की पथकातलं अंतर दहाच्या वर जात असल्याने बढती स्वीकारताच सध्याचं पथक सोडावं लागेल. त्याखाली याआधी कधी न दिसलेली दोन बटणं होती, 'स्वीकारा' आणि 'नाकारा'.

यादीसाहेबांनी चौकट दोनदा वाचली, बारीक अक्षरांसकट. मग 'नाकारा' दाबलं. खेळाने विचारलं की नक्की का, कारण असं कुणी सहसा करत नसावं.

"नको," ते पडद्याला म्हणाले. "मला इथेच बरं वाटतंय."

बोलून गेल्यावर ते थांबले. "तू त्या दिवशी मला हेच सांगत होतीस," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"मी ऐकलंच नाही. चुकलं माझं."

ती नाक ओढून म्हणाली की पुढची लढाई सुरू होतेय, पिशवी भरून घ्या आणि उगाच उघड्यावर येऊ नका. यादीसाहेबांनी पिशवी भरून घेतली.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून येताना मास्तर जिन्यातच भेटले. कितवी, त्यांनी विचारलं. सतरावी, यादीसाहेब म्हणाले. मास्तरांनी नेहमीचं तोंड केलं आणि सांगितलं की मी यावर रात्रभर विचार केलाय, अडकलेल्या माणसाला पुढे सरकायला एक युक्ती आहे.

"अडकलो नाही, मास्तर," यादीसाहेब म्हणाले. "थांबलोय." आणि सात वाजत आले होते, म्हणून ते घाईघाईने जिना चढून वर गेले.